कबुलीचा कागद

मार्चअखेर झाली की वाशी-तुर्भ्याच्या बाजार आवारात गाळ्यागाळ्यांतून एक कागद फिरू लागतो. त्यावर दोन-तीन ओळींचाच मजकूर असतो : आमच्या वहीप्रमाणे आपल्या खात्यावर अमुक रुपये येणे आहेत, पडताळून सही करून परत पाठवावे. लेखापरीक्षकाला तो हवा असतो म्हणून एका पेढीचा मुनीम तो पाठवतो. दुसऱ्या पेढीचा मुनीम, पुष्कळदा शेठजींच्या नजरेस न आणताच, शिक्का मारून तो परत करतो. मग तो फाइलमध्ये जातो आणि विसरला जातो. पुढे कधी दोन पेढ्यांत बिनसले, तर सर्वांत आधी बाहेर येतो तो हाच कागद. साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वीच, मुख्यतः त्याच्या आधारावर, न्यायालय लाखो रुपयांचा हुकूमनामा देऊ शकते.

व्यापारी कुटुंबांत वसुलीच्या दाव्याविषयी एक समज घट्ट बसलेला आहे. दावा दाखल केला की दहा-पंधरा वर्षे निघून जातात आणि तोवर पैसे घेणारा आणि देणारा दोघेही म्हातारे होतात, असा तो समज. पुष्कळ दाव्यांच्या बाबतीत तो खोटाही नाही. परंतु ज्या दाव्यात प्रतिवादीने देणे कबूल केलेले असते, त्याची वाट वेगळी आहे. ती वाट कोठे सुरू होते आणि कोठे अडते, हे धनको आणि ऋणको या दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे. व्यापारात आज जो धनको असतो तोच उद्या ऋणको होतो.

कायदा काय म्हणतो?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १२, नियम ६ हा या विषयाचा गाभा आहे. प्रतिवादीने कैफियतीत किंवा अन्यत्र, तोंडी किंवा लेखी, वस्तुस्थितीची कबुली दिली असेल, तर दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर न्यायालय त्या कबुलीपुरता निकाल देऊ शकते. त्यासाठी बाकीच्या मुद्द्यांचा निर्णय होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पक्षकाराने अर्ज केला तर न्यायालय असा निकाल देऊ शकतेच, पण स्वतःहूनही देऊ शकते. १९७६ च्या दुरुस्तीने या नियमाचा आवाका पुष्कळच वाढवला. त्यामुळे दाव्याच्या आधी लिहिलेले पत्र, ताळेबंद, बैठकीचे इतिवृत्त, इतकेच काय तोंडी बोलणेही विचारात घेता येते.

यामागचा विचार साधा आहे. जी गोष्ट समोरच्याने मान्य केली आहे ती पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५३ मध्येही ते कायम आहे. हे तत्त्व व्यापाऱ्याला विशेष उपयोगी पडते, कारण त्याच अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे केवळ वहीतील नोंदीच्या जोरावर कोणावरही देणे लादता येत नाही. आपली वही आपल्या बाजूने बोलते, पण एकटी पुरेशी ठरत नाही. समोरच्याची सही तिच्या जोडीला आली म्हणजे तिला बळ येते.

कैफियत मोघम असेल तरीही कबुली गृहीत धरली जाऊ शकते. आदेश ८ प्रमाणे प्रतिवादीने वादीचे प्रत्येक विधान नेमकेपणाने नाकारले पाहिजे. ‘दाव्यातील मजकूर मान्य नाही’ असे एकच वाक्य लिहून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. जे स्पष्टपणे नाकारले नाही ते मान्य केले, असे न्यायालय धरू शकते. अशा वेळीही वादीला पुरावा द्यायला सांगण्याचा अधिकार न्यायालयाने स्वतःकडे ठेवलेला आहे, ही गोष्ट वेगळी.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, मसाला बाजारातील एका पेढीने पनवेलच्या एका दुकानदाराला उधारीवर १८,४०,००० रुपयांचा माल दिला. पैसे आले नाहीत म्हणून पेढीने नोटीस पाठवली. दुकानदाराने उत्तर दिले की ११,२५,००० रुपये देणे आहे, ते मान्य. मात्र हळदीच्या दोन खेपांत ओलावा जास्त निघाल्यामुळे उरलेले ७,१५,००० रुपये मान्य नाहीत. आता दावा झाला तर ओलाव्याचा वाद, मालाचे नमुने, दलालाची साक्ष हे सारे ७,१५,००० रुपयांपुरतेच उरते. ११,२५,००० रुपयांसाठी पेढी लगेच कबुलीवर निकाल मागू शकते आणि उरलेल्या रकमेचा दावा पुढे चालू राहतो. एकाच दाव्याचे असे दोन भाग पडू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मग संपूर्ण रकमेच्या हट्टापायी निर्विवाद रक्कमही वर्षानुवर्षे अडकून पडते.

बँकांच्या कर्जाबाबत हाच विचार आणखी ठामपणे मांडलेला आहे. वीस लाख रुपये आणि त्यावरील बँक कर्जाची वसुली कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे चालते. मुंबईच्या या न्यायाधिकरणांपैकी एक नवी मुंबईतच, वाशीला आहे. १९९३ च्या संबंधित कायद्याच्या कलम १९ मध्ये नंतर एक पोटकलम घालण्यात आले. कर्जदाराने पूर्ण किंवा काही रक्कम कबूल केली, तर तेवढी रक्कम तीस दिवसांत भरण्याचा आदेश न्यायाधिकरणाने द्यायचा आहे. न भरल्यास कबूल रकमेपुरते वसुलीचे प्रमाणपत्र निघू शकते. दिवाणी न्यायालयासाठी नियमातला शब्द ‘देऊ शकते’ असा आहे, तर येथे आदेश देणे हे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. म्हणून बँकेला पत्र लिहिताना, एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देताना किंवा मुदतवाढ मागताना आकडा विचारपूर्वक लिहिला पाहिजे.

कबुली कशाला म्हणावे?

प्रत्येक सही म्हणजे कबुली नव्हे. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला २००० सालचा, उत्तमसिंग दुग्गल कंपनी आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया यांच्यातील. कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव आणि तो बँकेला कळविणारे पत्र यांतून देणे मान्य केल्याचे दिसत होते. कबुली म्हणजे फक्त न्यायालयातील कैफियतीत दिलेली कबुली, असा युक्तिवाद झाला, पण तो टिकला नाही. कबुली स्पष्ट असेल तर वादीला झटपट निकाल मिळावा हाच या नियमाचा हेतू आहे आणि त्याचा अर्थ संकुचित करू नये, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरा २०११ सालचा, हिमानी अलॉइज आणि टाटा स्टील यांच्यातील. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या बैठकीच्या टिपणात रकमेचा उल्लेख होता आणि त्यावरच कबुलीचा निकाल दिला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. टिपण संपूर्ण वाचले असता त्यातून त्या रकमेची निःसंदिग्ध कबुली निघत नाही, असे न्यायालयाला दिसले. कबुली ही ठाम असावी, ती जाणूनबुजून आणि विचारपूर्वक दिलेली असावी, आणि बंधन पत्करण्याचा हेतू तिच्यातून दिसावा, अशी कसोटी तेथे सांगितली गेली. असा निकाल देणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे आणि तो वादीचा हक्क नव्हे, हेही तेथे स्पष्ट झाले. कारण अशा निकालाने प्रतिवादीची बाजू पुराव्यासह मांडण्याची संधी कायमची संपते.

या दोन निर्णयांच्या प्रकाशात रोजचे व्यवहार पाहावेत. कबुलीचा कागद अखंड वाचला जातो, त्यातील सोयीचे अर्धे वाक्य उचलता येत नाही. ‘पैसे घेतले होते, पण दिवाळीत फेडले’ हे वाक्य घेतल्याची कबुली आहे, देणे असल्याची नव्हे. आपल्या बिलांवर आणि खातेउताऱ्यांवर ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे छापलेले असते. केवळ त्या चार शब्दांनी सही केलेली कबुली पुसली जाईल असे कोणी मानू नये. परंतु ‘परत आलेल्या मालाची वजावट व दलाली यांचा मेळ घातल्यानंतर’ असे सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिले, तर त्या आकड्याला अंतिम कबुली म्हणणे अवघड होते. एका वाक्याने एवढा फरक पडतो.

तीन वर्षांची मुदत

कबुलीचे दुसरे काम मुदतीशी संबंधित आहे. उधारीच्या वसुलीसाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. कबुलीत रक्कम नेमकी लिहिलेली नसली किंवा ‘आत्ता देणार नाही’ असे त्यासोबत म्हटलेले असले तरीही ती मुदतीपुरती चालते. कंपनीच्या ताळेबंदातील नोंदही अशी कबुली ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात सांगितले. मात्र त्या नोंदीसोबतच्या टिपा वाचूनच ते ठरवायचे असते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. मुदत वाढवायला जी कबुली पुरते, ती तडक निकाल मिळवायला पुरेलच असे नाही. पहिलीत ‘आपले खाते चालू आहे, देणे बाकी आहे’ एवढे दिसले तरी भागते. दुसरीत किती देणे आहे याबाबत शंका उरता कामा नये. मुदत उलटून गेल्यावर तर नुसती कबुली उपयोगाची नसते. तेव्हा करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ‘ही रक्कम मी देईन’ असे सहीनिशी नव्याने वचन लागते. चौथ्या वर्षी मिळवलेला बाकीचा दाखला अनेक पेढ्या जपून ठेवतात, पण त्यात वचन नसेल तर त्याचा आधार फारच दुबळा असतो.

सुप्याचा धडा

कबुलीवर विसंबून हुकूमनामे देण्यात केवढा धोका दडलेला असतो, याचा अनुभव महाराष्ट्राने फार पूर्वी घेतला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. हे सावकार मुख्यतः मारवाडी आणि गुजर होते आणि त्यांत जैन कुटुंबेही होती. या दंग्याचे वैशिष्ट्य असे की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, हुकूमनामे आणि वह्या हिसकावून जाळण्यात आल्या.

कागदांवर एवढा राग का होता, याचे उत्तर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने शोधले. त्या उत्तराचा एक धागा मुदतीच्या कायद्याशी जाऊन मिळतो. १८५९ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणली होती. कुळाला जुन्या दाव्यांपासून संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात उलटे घडले. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाई आणि त्या वाढीव मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. निरक्षर कूळ अंगठा उठवी. दावा झाला की न्यायालयापुढे रोखा येई आणि त्यावरचा अंगठा ही कबुली ठरे. कूळ हजर राहिले नाही तर एकतर्फी हुकूमनामा होई. मूळ कर्ज किती होते, हा प्रश्न कोणी विचारत नसे.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याच्या कलम १२ ने न्यायाधीशाला व्यवहाराच्या अगदी आरंभापासूनचा इतिहास तपासायला सांगितले. या लेखाच्या विषयाशी थेट संबंधित भाग त्याच कलमात पुढे आहे. ऋणकोने रक्कम कबूल केली असली तरी ती कबुली खरी आहे आणि धनकोविरुद्धचे आपले सर्व हक्क ठाऊक असताना त्याने ती दिली आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटली पाहिजे. त्या खात्रीची कारणे त्याने लेखी नोंदवली पाहिजेत. खात्री पटली नाही तर कबुली असूनही पूर्ण चौकशी करणे त्याला बंधनकारक होते. पुढच्या कलमाने मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडायला लावले. रोखा बदलताना मुद्दलात मिसळलेले व्याज मुद्दल म्हणून धरता येणार नाही, असे ठरवले.

हा कायदा आता राहिलेला नाही. तो शेतकरी कुळांसाठी होता, वाशीच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी नव्हता. तथापि त्याने विचारलेले दोन प्रश्न आजही तसेच आहेत. कबुली खरी आहे काय? आणि देणाऱ्याने ती समजून-उमजून दिली आहे काय? २०११ च्या निर्णयातील ‘जाणूनबुजून आणि विचारपूर्वक’ हे शब्द वाचताना त्या जुन्या कलमाची आठवण होते. आजही दर तीन वर्षांनी बाकीचा दाखला नव्याने घेताना थकलेले व्याज गुपचूप बाकीत मिसळून एकच आकडा पुढे करणारे लोक आहेत. असा आकडा सहीने मान्य झाला तरी वाद उपस्थित होताच न्यायालय त्याच्या पोटात शिरू शकते, कारण कबुली हा अंतिम पुरावा नव्हे, असे कायदाच सांगतो.

काही ठिकाणी तर कबुलीचा काहीच उपयोग होत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कक्षेत येणारे कर्ज परवाना नसताना दिले असेल, तर न्यायालय सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देऊ शकत नाही. ऋणकोने हजार वेळा देणे मान्य केले तरी हा अडसर दूर होत नाही. विकलेल्या मालाची उधारी वेगळी आणि व्याजाने दिलेली रक्कम वेगळी. व्यापारासोबत ओळखीपाळखीत व्याजाने पैसे फिरवणाऱ्या कुटुंबांनी हा भेद आपल्या सल्लागाराकडून समजून घ्यावा.

कर्त्याची सही, कुटुंबाचे देणे

व्यापारी कुटुंबात सहीचा प्रश्न एकट्या माणसाचा नसतो. भागीदारी पेढीत एका भागीदाराने लेखी कबुली दिली, तर केवळ तेवढ्यावरून दुसरा भागीदार बांधला जात नाही, असे मुदत कायद्याचे कलम २० सांगते. त्या भागीदाराला पेढीच्या वतीने सही करण्याचा अधिकार होता, हे दाखवावे लागते. अविभक्त कुटुंबाची गोष्ट निराळी आहे. कुटुंबाच्या वतीने घेतलेल्या देण्याची कबुली कर्त्याने दिली, तर ती संपूर्ण कुटुंबाच्या वतीने दिली असे मानले जाते. ज्या मुलाने तो कागद पाहिलाही नाही, ज्या सुनेला त्या खात्याचे नावही ठाऊक नाही, त्यांच्याही सामायिक मिळकतीवर त्या सहीचा परिणाम होतो.

यातून व्यवहारात फार दुःखद प्रसंग उद्भवतात. वडील अचानक जातात. पंधरा दिवसांनी कोणीतरी कबुलीचा कागद घेऊन दारात उभा राहतो. मुलांना तो खरा की खोटा हे कळण्याचे साधन नसते, कारण वडिलांनी आपल्या बाजूची प्रत ठेवलेली नसते. वारसांची जबाबदारी वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच असते, हे खरे. पण ती मालमत्ता म्हणजे बहुधा गाळा आणि राहते घर हीच असते. म्हणून कर्त्याने दिलेल्या आणि घेतलेल्या प्रत्येक कबुलीची प्रत एका फाइलमध्ये ठेवावी आणि ती फाइल घरातील किमान दोघांना ठाऊक असावी.

कबूल करण्यात देणेकऱ्याचाही लाभ

देणे खरे असेल तर ते नाकारू नये. हा नीतीचा उपदेश आहेच, पण त्यात हिशेबही आहे. खोट्या नकाराने व्याज वाढते, दाव्याचा खर्च अंगावर पडतो आणि बाजारातली पत जाते. व्यापारी व्यवहारातील हुकूमनाम्यावर पुढील व्याज सहा टक्क्यांहून अधिक लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

याउलट, जो ऋणको खरी रक्कम मान्य करून आपली अडचण न्यायालयापुढे ठेवतो, त्याच्यासाठी आदेश २०, नियम ११ आहे. पुरेसे कारण असेल तर न्यायालय हुकूमनामा देतानाच हप्ते बांधून देऊ शकते. मात्र ही विनंती वेळेवर व्हायला हवी. एकदा हुकूमनामा झाला की हप्ते मिळण्यासाठी धनकोची संमती लागते. पुष्कळ लोक शेवटपर्यंत ‘देणेच नाही’ असे म्हणत राहतात आणि जप्ती दारात आल्यावर हप्ते मागतात. तोवर हप्ते देणे न देणे धनकोच्या मर्जीवर गेलेले असते.

दावा होण्यापूर्वीचा मार्गही खुला आहे. तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न बंधनकारक आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मध्यस्थापुढील बोलणी गोपनीय राहतात. तडजोडीसाठी ‘इतके देतो’ असे म्हटले तर ते पुढे कबुली म्हणून वापरले जाईल, ही भीती तेथे नाही. दोन पेढ्यांमधील थेट बोलण्यांत मात्र ही खात्री नसते. तेथे तडजोडीचा प्रस्ताव लेखी देताना ‘हा प्रस्ताव पुराव्यात वापरू नये या अटीवर’ असे स्पष्ट लिहावे.

जैन परंपरेत सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांतील दोन या विषयाला नेमके लागू पडतात. एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्त तयार करणे. त्यात काय येते हे सांगण्याची गरज नाही. दुसरा न्यासापहार. टीकाकारांनी त्याचे स्पष्टीकरण केले आहे ते असे : ठेव ठेवणारा मनुष्य किती ठेवले होते ते विसरला आणि कमी मागू लागला, तर ‘हो, तेवढेच होते’ असे म्हणून कमी रक्कम परत करणे हा दोष आहे. येथे ठेव नाकारलेली नाही. उलट एक कबुलीच दिलेली आहे, पण ती सत्यापेक्षा कमी आहे. समोरचा जेवढे सिद्ध करू शकेल तेवढेच मान्य करायचे, या आजच्या चलाखीला त्या जुन्या आचार्यांनी आधीच नाव देऊन ठेवले होते.

काय करावे?

धनकोने बाकीचा दाखला मागताना मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवावे, बिलांचा तपशील सोबत जोडावा आणि समोरच्याला पडताळणीसाठी वाजवी अवधी द्यावा. सही कोणाची आहे, कोणत्या नात्याने आहे आणि कोणत्या तारखेची आहे, हे पाहावे. तारीख नसलेला दाखला मुदतीच्या प्रश्नात वाद उभा करतो. व्हॉट्सॲपवरचा ‘हो, देतो’ हा निरोप अगदीच निरुपयोगी नाही, पण तो न्यायालयात मांडायला प्रमाणपत्र लागते आणि मुदतीच्या कलमातील सहीच्या अटीवरून वाद होऊ शकतो. कागदावरची सही त्याहून खात्रीची.

ऋणकोने कोऱ्या किंवा रक्कम रिकामी सोडलेल्या कागदावर कधीही सही करू नये, मग समोर कितीही जवळचा आप्त असो. जेवढे मान्य आहे तेवढा आकडा स्वतःच्या हाताने लिहावा, आणि जे मान्य नाही ते कारणासह त्याच कागदावर लिहावे. नोटीस आली तर उत्तर टाळू नये आणि मोघमही देऊ नये. मुनीमाला शिक्का मारण्याचा अधिकार कितपत आहे, हे लेखी ठरवून द्यावे.

सुप्याला जी वह्या-रोख्यांची होळी झाली, त्या कागदांतले काही खरेही असतील. पण कोणता खरा आणि कोणता फुगवलेला हे सांगता येईनासे झाले, तेव्हा खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडाला आणि प्रामाणिक धनकोचेही येणे बुडाले. धनकोने अचूक हिशेब पाठवला आणि ऋणकोने तो वाचून सही केली, तर त्या कबुलीवर न्यायालय निःशंकपणे निकाल देऊ शकते. आणि अशा दोन पेढ्यांवर बहुधा न्यायालयात जाण्याची वेळच येत नाही.